मार्तंडकाकांचा कान

मुलुंडचे मार्तंड गुप्ते फियाटला दोन कार्ब्युरेटर बसवून ती पिसाळल्यासारखी पळवून दाखवतात, हे १९८४ साली घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंतच्या वेगवेड्या पोरांना ठाऊक होतं. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आवाज दोन्ही कार्ब्युरेटरांत सारखा आला की ते मान डोलवायचे. त्या आवाजांतच त्यांची लेक उत्तरा लहानाची मोठी झाली होती.

त्या शनिवारी दुपारी वर्सोव्याच्या दादूची गाडी होती. इंजिन चालू होतं आणि उत्तराला खालून, कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्यातून, बारीक सूं ऐकू येत होतं. मधूनच एक कार्ब्युरेटर फट् करून उलटा शिंकायचा.

"बाबा, मॅनिफोल्डचं पॅकिंग हवा घेतंय."

"काय?"

"हवा घेतंय! सूं आवाज येतोय."

"कुठे काय? लोण्यासारखं चाललंय."

त्यांनी नळी डाव्या कानातून काढून उजव्यात घातली. उत्तरा बघत राहिली. बाबा ऐकत नव्हतेच. ते इंजिनाची थरथर नुसती डोळ्यांनी बघत होते.

"दादू, आज नेऊ नकोस."

"काकांनी ओके केलं ना? मग बस झालं. आरे कॉलनीत एक फेरी मारून येतो."

बाबांचा चेहरा कसनुसा झाला. "मी येतो तुझ्याबरोबर. चल."

उत्तरा मागच्या सीटवर बसली.

आरेतला रस्ता झाडीत शिरला तसं ऊन दिसेनासं झालं. चढावर दादूने पाय दाबला. गाडी अडखळली. फट्. पुन्हा फट्.

"बाबा, थांबायला सांगा त्याला!"

बाबा शांतपणे समोर बघत होते.

तिसरा आवाज बार उडाल्यासारखा झाला. बॉनेटच्या फटीतून धूर आला, रंगाला फोड आले. दादूने रस्त्यालगतच्या एका गोठ्यापाशी गाडी घातली आणि चावी काढली, तोवर बाबा उतरून बॉनेटला भिडलेही होते.

"बाबा, उघडू नका!"

त्यांनी उघडलं. जाळ सरळ तोंडावर आला. दादूने त्यांना मागे खेचलं. गोठ्यातली माणसं धावली, घमेल्यांनी माती ओतत राहिली, तेव्हा कुठे आग विझली.

बाबांच्या भुवया जळाल्या होत्या, बोटांची सालं निघाली होती. माणसं गप्प उभी होती. म्हशीसुद्धा हलत नव्हत्या.

"दादू, आधी इंजिन बंद कर," बाबा म्हणाले.

"काका, केव्हाच बंद केलंय."

"अरे, बंद कर म्हणतो ना! केवढं घरघरतंय!"

दादूने उत्तराकडे पाहिलं आणि मुठीतली चावी काकांसमोर धरली. बाबा चावीकडे बघत राहिले.

"मग हे काय वाजतंय?" त्यांनी विचारलं.

उत्तराने त्यांचं मनगट धरून त्यांना रस्त्याकडेला बसवलं. ते डोकं एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलवून आवाज थांबतो का ते बघत होते.