वामकुक्षी नावाचा नियम

आरोयो पार्दोच्या सहकारी टेलिफोन संस्थेत दुपारी एक ते चार काहीही घडत नाही. तशी कुठे लेखी तरतूद नाही, पण अर्जेंटिनाच्या त्या कोपऱ्यात तिची गरजही पडत नाही.

अडचण एकच होती. डोंगरावरच्या केंद्रातल्या यंत्रात एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. कार्यालयातून विचारलं की तो उत्तर द्यायचा आणि काही बिघडलं की न विचारताच ओरडायचा. दुपारच्या वाऱ्यानं केंद्राचं दार हललं तरी ओरडायचा. त्याला दोन चाळण्या होत्या, आत येणाऱ्या प्रश्नांसाठी एक आणि बाहेर जाणाऱ्या निरोपांसाठी एक. कार्यालयात यंत्रं सांभाळणाऱ्या निकानोर बुस्तोसनं बाहेरच्या चाळणीला नियम घातला: एक ते चार काहीही बाहेर सोडू नये. नियमाला नाव देणं सक्तीचं होतं. त्यानं दिलं, 'वामकुक्षी'.

मंगळवारी दुपारी डोंगरावरची वीज गेली. बॅटरी उतरत चालल्याचं एजंटनं नऊ वेळा सांगितलं, चाळणीनं नऊही वेळा अडवलं. वेळेत कुणीच वर गेलं नाही आणि तीन वाजता पलीकडच्या चार गावांचे फोन बंद पडले.

"बॅटऱ्या एव्हारिस्तोनं बसवलेल्या," समितीनं निदान केलं. एकतीस वर्षं खांबांवर चढलेल्या एव्हारिस्तोकाकांना येत्या शुक्रवारपासून घरी बसवायचं ठरलं. निकानोर त्या बैठकीत होता. त्यानं आपल्या बुटांचा बारकाईनं अभ्यास केला.

गुरुवारी सकाळी मुख्य अभियंता एडेलमीराबाई म्हणाल्या, "एजंटलाच विचारते, त्याच्यावर काय काय नियम आहेत ते."

 बाई खुर्ची ओढेपर्यंत निकानोरनं आतल्या चाळणीलाही नियम घातला: माझ्याखेरीज कुणाचाही प्रश्न आत घेऊ नये.

बाईंनी तीनदा विचारलं. उत्तर नाही.

"मेलाय एजंट. काका, यंत्राचा नवा डबा घेऊन वर केंद्रावर जा."

बासष्ट वर्षांचे काका बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधू लागले. गुडघे कुरकुरले.

"चुकलंच असेल रे माझं," ते निकानोरला म्हणाले. "तारा उलट लावल्या असतील. वय झालं की हात चुकतो. बायकोलाही कालच सांगून टाकलं, माझीच चूक."

आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून, इतक्या प्रामाणिकपणे कबूल होताना निकानोर प्रथमच ऐकत होता.  त्यानं वळून आतला नियम काढला.

"बाई, पुन्हा विचारा."

एजंटला लाजबीज काही नसते. बाईंनी मोठ्यानं वाचलं, "नियम पहिला, वामकुक्षी. घालणारा, निकानोर बुस्तोस. अडवलेले निरोप, एक हजार तीनशे चाळीस. नियम दुसरा, आज सकाळी दहा दहाला घातला, आत्ता काढला. घालणारा..." त्या थांबल्या. "तोच."

"म्हणजे झोपत कोण होतं?" काकांनी विचारलं.

"मी," निकानोर म्हणाला. "बॅटऱ्या चांगल्या होत्या, काका."

काकांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते नाडीची गाठ सोडत बसले.

"समितीला मी आत्ताच कळवते," बाई म्हणाल्या. "तुझ्याबद्दलही, निकानोर."

"समितीचं राहू द्या हो. घरी काय सांगू?" काका म्हणाले. "तिनं रात्रभर माझी समजूत घातली. म्हणाली, चुकतो माणूस."

"मी येऊन सांगतो."

"तूच सांग. आणि हे दहा दहाचंही सांग. ते माझ्या तोंडून नको."

निकानोर उठला. काका पुढे, तो मागे. चौक ओलांडताना एकदाही त्याला काकांच्या बरोबरीनं चालता आलं नाही.