फ्रिजच्या खोक्यातलं एटीएम

साहेबराव ढवळे खोक्यात शिरले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आपण आता माणूस नसून पोलंडमधलं एटीएम आहोत, हे त्यांनी बायकोला तीनदा बजावलं होतं.

"म्हंजी तुमच्याशी बोलायचंच न्हाई?" सरूबाईंनी विचारलं.

"मशीनशी कोण बोलतं?"

"आन् च्या झाला तर?"

मशीननं आतून एक फट चाचपली. मग म्हणालं, "चहा फटीतून दे."

खोकं डबल डोअर फ्रिजचं होतं. शेजारच्या नजमुन्निसाबाईंचा नवरा अकबर, त्याचं पिंपरीत फ्रिज-वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान. त्यानं ते स्कूटरवर आडवं बांधून संत तुकाराम नगरात आणलं तेव्हा अख्खी कॉलनी नवीन फ्रिज बघायला गॅलरीत आली होती. साहेबरावांनी त्याला एक फट कार्डासाठी कापली, एक नोटांसाठी, एक पावतीसाठी. जुन्या दिनदर्शिकेतले आकडे कापून बटणं चिकटवली. वर एक खिडकी ठेवली, तिच्यात आतून पुठ्ठे धरायचे, तो स्क्रीन. लग्नपत्रिका कापून त्यांच्या पोलिश नोटा केल्या. आत बसायला चौरंग, बॅटरी आणि पाण्याची बाटली. डोक्यावर पुढं काच असलेलं कंपनीचं पिवळं हेल्मेट कशासाठी होतं ते मात्र त्यांनाच ठाऊक.

हा माणूस वेडा नव्हता. निघोज्याजवळच्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि त्यातली शेवटची नऊ सेफ्टी खात्यात. तिथं मॉक ड्रिल घेतल्याशिवाय पान हलत नसे. आगीची ड्रिल, गॅसगळतीची ड्रिल, आणि एकदा बडे साहेब बघायला येणार म्हणून ड्रिलचीही ड्रिल झाली होती. निवृत्त झाल्यापासून साहेबरावांची फार पंचाईत झाली होती. घरातली माणसं दोन, आणि त्यातलं एक अजिबात ऐकणारं नव्हतं. शेगडीनं पेट घेतला तर काय, याची ड्रिल सरूबाईंनी पहिल्याच दिवशी हातात लाटणं घेऊन उधळून लावली होती.

पण आता खरंच गरज पडली होती. त्यांची मुलगी आम्रपाली पोलंडमध्ये नोकरीला, तिला आठवा महिना सरत आलेला. जावई भीमराजची तिथं शिफ्ट ड्युटी. तिनं आईचं तिकीट पाठवलं, एकटीचंच. घर एका खोलीचं, बाप कुठं झोपणार? "बाबा, तुम्ही उन्हाळ्यात या," ती म्हणाली. साहेबराव "अगं, मला कुठं वेळ आहे!" म्हणाले आणि नंतर दोन दिवस रिकामे बसून राहिले.

सरूबाईंना विमानाची भीती नव्हती, थंडीची नव्हती. भीती होती एटीएमची. तीन वर्षांपूर्वी एका मशीननं त्यांचं कार्ड गिळलं होतं आणि त्यांनी वॉचमनला इतकं झापलं होतं की तो बिचारा दुसऱ्या दिवशी गावी निघून गेला. तेव्हापासून त्या मशीनच्या वाटेला गेल्या नव्हत्या. आणि आम्रपालीच्या घराजवळचा भाजीबाजार रोख पैशांशिवाय पालकाची जुडी देत नव्हता.

"बाळंतिणीला उठवून तिच्याकडं पैसे मागू व्हय?" सरूबाई म्हणाल्या होत्या. "मला काढता आले तरच मी जाती. न्हाई जमलं तर तिकीट रद्द करा. पोरीच्या गळ्यात अजून एक लेकरू नको."

विमान गुरुवारी होतं. आज रविवार होता. म्हणून हे खोकं.

पहिल्या ट्रायलला सरूबाईंनी कार्ड घातलं, चार आकडे दाबले, दोनशे मागितले. मशीननं आधी कार्ड परत दिलं. त्यांनी ते पर्समध्ये टाकलं, मशीनला "येती हां" म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. नोटा फटीत लटकत राहिल्या. साहेबरावांनी त्या मोठ्या समाधानानं आत ओढून घेतल्या आणि भिंतीवरच्या कागदावर बाहेर येऊन लिहिलं: ट्रायल एक, नापास. कारण, पैसे न घेता निरोप घेतला.

दुसऱ्या ट्रायलला स्क्रीनवर पुठ्ठा आला: "रुपयात हिशोब करून देऊ का? हो / नाही."

"करा की," सरूबाई म्हणाल्या. "आपल्याला रुपयातच कळतं."

"नापास!" मशीन ओरडलं. "आमूनं काय सांगितलं होतं फोनवर? तिथलं मशीन गोड बोलून रुपयात भाव सांगतं आणि मधल्या मधे कापतं. नाही म्हणायचं. तुमच्याच पैशात कापा म्हणायचं."

सरूबाई विचारात पडल्या. "म्हंजी भाजीवाला 'मावशी, फक्त तुमच्यासाठी' म्हणून भाव सांगतो, तसं?"

"तसंच."

"मग आधी सांगायचं न्हाई का! त्याला तर मी रोज न्हाई म्हणती."

तिसऱ्या ट्रायलला त्यांनी सगळं बरोबर केलं. हातानं झाकून आकडे दाबले. रुपयांच्या प्रश्नाला असं काही 'नाही' दाबलं की आत साहेबरावांच्या गुडघ्याला बोट लागलं. मग त्या कार्ड आणि पैसे दोन्हींची वाट बघत उभ्या राहिल्या. फटीतून साहेबरावांना त्यांचं बोट दिसत होतं, लग्नपत्रिकेची वाट बघणारं.

साहेबरावांनी नोटा हातात घेतल्या. फटीपर्यंत नेल्या. आणि त्यांचा हात तिथंच थांबला. दुसऱ्या हातानं त्यांनी एक पुठ्ठा वर धरला: "व्यवहार अयशस्वी."

"आता काय चुकलं?"

"तिथं असं होतं कधी कधी. नेटवर्क."

चौथ्या ट्रायलला मशीनची वीज गेली. पाचव्याला मशीन पोलिशमध्ये बोलायला लागलं. म्हणजे साहेबराव कंपनीतल्या फिरंगी इंजिनिअरांची नक्कल करत 'श' आणि 'च' एकामागून एक टाकत होते. सरूबाईंनी खचून न जाता अंदाजानं बटणं दाबली, बरोबर दाबली. तरी व्यवहार अयशस्वी. सहाव्याला आकडे चुकल्याचं मशीननं जाहीर केलं. आकडे चुकले नव्हते. कडक ट्रेनिंग, साहेबराव स्वतःला सांगत होते. तिथं परक्या देशात कोण समजून घेणार आहे?

एव्हाना नजमुन्निसाबाई डबा परत द्यायला म्हणून आल्या होत्या आणि बसल्या होत्या. मागोमाग अकबरही आपलं खोकं कसं चाललंय ते बघायला आला.

"लाओ, मी बघते," नजमुन्निसाबाई म्हणाल्या. त्या मुलाकडं मस्कतला दोनदा जाऊन आलेल्या, त्यामुळे परदेशी एटीएमवर त्यांचा अधिकार होता. त्यांनी कार्ड घातलं आणि चारऐवजी पाच आकडे दाबले. रुपयांच्या प्रश्नाला "हो" म्हणाल्या. मशीननं सर्रकन् नोटा दिल्या.

अकबरनं कानाला मोबाइल लावून, एका हातात चहा धरून, कोपरानं बटणं दाबली. त्यालाही नोटा. वर पावती.

"भारी मशीन आहे राव!" तो म्हणाला.

सरूबाईंनी त्या दोघांच्या हातातल्या नोटांकडं बघितलं. मग शेवटची ट्रायल म्हणून पुढं झाल्या. एकही चूक केली नाही. खिडकीत पुठ्ठा आला: "व्यवहार अयशस्वी. कृपया आपल्या शाखेशी संपर्क साधा."

अकबर चहाच्या कपात बघत राहिला. सरूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी कार्ड त्याच्या पाकिटात ठेवलं, पाकीट पर्समध्ये ठेवलं आणि फोन उचलला.

"आमू, झोपली होतीस का? ऐक. मी न्हाई येत, बाई." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "न्हाई, तब्येत बरी हाय. मलाच जमत न्हाई. समद्यांना जमतंय, मलाच न्हाई. तुज्या बाबांनी लई शिकवलं गं, सकाळपासनं खोक्यात बसल्यात, पर माझंच डोकं... तू तिथली एखादी बाई बघ कामाला."

आत साहेबरावांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. हेल्मेटच्या आत घाम आला होता. त्यांना हवं ते झालं होतं. सरू राहणार होती. सकाळी उठल्यावर घरात आवाज असणार होता, भांड्यांचा, रागावण्याचा. आणि तरी त्यांना इतकी लाज वाटली की बाहेर पडून तोंड दाखवायचं धाडस होईना. एकतीस वर्षांत त्यांनी कुणा कामगाराचा खोटा रिपोर्ट लिहिला नव्हता, आणि आज घरच्या माणसाचे पाच लिहिले.

पावतीच्या फटीतून खरखरत एक कागद बाहेर आला.

नजमुन्निसाबाईंनी तो उचलला, वाचला आणि गपचूप सरूबाईंच्या हातात दिला. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: "मशीनमध्ये दोष. ग्राहकाची चूक नाही."

"थांब गं जरा," सरूबाई फोनमध्ये म्हणाल्या.

दुसरा कागद आला. "ग्राहक तिसऱ्या ट्रायललाच पास."

सरूबाई उठल्या. पदर खोचून खोक्यासमोर उभ्या राहिल्या. खोकं मुळीच हललं नाही.

"मग पैसं का न्हाई दिलं?"

बराच वेळ आतून नुसता पेन्सिलीचा आवाज येत होता, मध्येच खोडल्याचा. मग तिसरा कागद आला, अर्ध्यात अडकला, आतून ढकलला गेला.

"तू गेल्यावर मी एकटा काय करू? मला करमत नाही सरू. तू बाजारात गेलीस तरी करमत नाही."

सरूबाईंनी ते एकदा वाचलं. ओठ हलवत पुन्हा वाचलं. अकबर "मी जरा दुकान बघतो" म्हणून उठायला लागला, तर नजमुन्निसाबाईंनी त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. असलं काही सोडून जायचं नसतं, हे त्यांना कळत होतं.

मग सरूबाईंनी खोक्याला अशी काही थाप मारली की त्याच्या झडपा उघडल्या, आणि ज्या बाजू उघडायच्या नव्हत्या त्याही उघडल्या. चौरंग कलंडला. पोलंडचं एटीएम हेल्मेटसकट फरशीवर आलं, मांडीवर लग्नपत्रिका, हातात पेन्सिल.

"एकतीस वर्षं कंपनीत अक्कल गहाण ठेवली होती काय?" सरूबाई ओरडल्या. "मला वाटलं, माज्या डोक्यातच बिघाड हाय! तोंड न्हाई का तुमाला? हेच्यापायी खोकं लागतंय?"

"बाहेर बसून जमलं नसतं," साहेबराव म्हणाले. खरंच जमलं नसतं. डोळे पुसायला त्यांना हेल्मेटची काच वर करावी लागली.

फोनमधून आम्रपाली ओरडत होती, "आई, बाबा पडले का? कुणी सांगेल का मला?" सरूबाईंनी फोन उचलला. "बाबा बरं हाय. मशीन फुटलं. मी येती गुरुवारी, कोथिंबीर मिळती का तिथं?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसायला लागल्या, मग नजमुन्निसाबाईही हसल्या. साहेबराव तसेच फरशीवर बसून होते, त्यांना हसू की रडू हे नक्की ठरवता येत नव्हतं.

गुरुवारी त्या गेल्या. साहेबराव विमानतळावर शहाण्यासारखे वागले, फक्त सिक्युरिटीवाल्याला आग लागली तर बाहेरचा रस्ता कुठला ते विचारून आले.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नुसती टोपी, मफलर आणि नाक. मागं एक खरं एटीएम, भिंतीत बसवलेलं, निळं.

"काढलं!" सरूबाई म्हणाल्या आणि नोटा कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आणल्या की साहेबरावांना नुसता रंग दिसला. "रुपयात देऊ का म्हणून इचारत होता मेला. मी म्हटलं, न्हाई. आदी कार्ड दिलं, मग पैसं दिलं. एका दमात. एकदाबी अयशस्वी म्हटलं न्हाई."

"शाब्बास!" साहेबराव म्हणाले. तीन दिवसांत पहिल्यांदाच घरात त्यांचा आवाज मोठा झाला होता. "बघ, म्हटलं नव्हतं? खरं मशीन सोपं असतं."

"व्हय, सोपं हाय." सरूबाईंनी मागं वळून त्या निळ्या मशीनकडं बघितलं. मग पुन्हा फोनकडं वळल्या, आणि मफलर जरा खाली ओढला.

"पर तेच्यात कुणी बसल्यालं नव्हतं वो."