बाराव्या सीटवरचं नाव

कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला बसल्या की धुरपदाबाई एकदम फौजदार व्हायच्या. एरवी पंचाहत्तरीची, गुडघ्यांनी बेजार झालेली म्हातारी. पण श्रावणातल्या त्या एका दिवशी त्या पाटावर ताठ बसायच्या, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव पुकारायच्या आणि त्यांची सून वर्षा त्या नावानं सव्वा मूठ गहू परातीत टाकायची. एक भरली मूठ आणि वर पाव. नाव चुकायचं नाही, मूठ चुकायची नाही, मध्ये कोणी बोलायचं नाही. खानदेश सोडून माणसं सुरतेला आली, मागावर उभी राहिली, कडोदऱ्यात दोन खोल्यांचं घर झालं, तरी रोटांच्या बाबतीत कोणी कसूर केली नव्हती.

"गजेंद्र," म्हातारीनं पुकारलं. वर्षानं नवऱ्याच्या नावानं मूठ टाकली.

"हिलाल."

वर्षानं दिराच्या नावानंही टाकली. हिलालला जाऊन नऊ वर्षं होत आली होती. मेला म्हणायची सोय नव्हती, कारण प्रेत मिळालं नव्हतं. ऐन दिवाळीत कापडाच्या ट्रकबरोबर कुल्लूकडे गेला, घाटात ट्रक बर्फात अडकला, ड्रायव्हर सापडला आणि हिलाल नाही सापडला. "सापडना नही म्हंजे जित्ता शे," एवढंच म्हातारीचं म्हणणं, आणि त्यापुढे वाद घालायची घरात कोणाची छाती नव्हती.

भाऊबंदांची कानबाई एकच. त्यामुळे गजेंद्रचा चुलतभाऊ भूपेंद्र आणि चुलते सुकलाल आपापली बायकामुलं घेऊन इथंच जमले होते. अशी सगळी माणसं एका छताखाली बसली की काहीतरी बेत शिजतोच. यंदा दिवाळीच्या सुट्टीत गाडी करून बर्फ बघायला जायचं ठरलं. जागा शोधली वर्षाच्या मुलीनं, हेतलनं. पोरगी सुरतेत जन्मलेली, नाव गुजराती, बोलणं तीन भाषांत, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असल्यामुळे सगळं जग तिला पाठ. हिमाचलात एक राष्ट्रीय उद्यान आहे, वर बर्फाचे डोंगर, खाली नदी, नदीकाठी एका माणसानं स्वतःच्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्या. तिनं फोटो फिरवले. सगळ्यांनी वा वा केली.

वर्षानं फोटोखाली कुल्लूचं नाव वाचलं आणि फोन तसाच पुढे सरकवला. काहीही होवो, गजेंद्रला त्या डोंगराकडे जाऊ द्यायचं नाही, हे तिनं तिथंच मनाशी धरलं. पण कारण काय सांगणार? खरं कारण ती नऊ वर्षांत कोणाजवळ बोलली नव्हती.

हेतल कोपऱ्यात बसून जाणाऱ्यांची यादी फोनमध्ये उतरवत होती. आजी पुकारेल ते पुरुष आधी लिहून घेतले, मग गुडघ्यांमुळे न येणारी आजी सोडून बायका आणि मुली जोडल्या. जन्मल्यापासून ती ही नावं याच क्रमानं ऐकत आलेली. हिलालचं नाव कानावर पडलं तसं बोटांनी लिहिलं गेलं. बारा नावं झाली. बारा सीटची गाडी ठरली आणि तीच यादी नदीकाठच्या त्या घरमालकाला गेली. चूक लक्षात आली ती चार दिवसांनी. हेतल हसली आणि म्हणाली, "राहू दे ना मम्मी, एक सीट सामानाला थशे."

वर्षाला हसू आलं नाही.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. भाड्यानं आणलेली जाकिटं घरात येऊन पडली होती आणि त्यांच्याकडे बघूनच घाम फुटत होता. हेतल कॉलेजात असायची म्हणून बुकिंगला नंबर वर्षाचा दिला होता. दुपारी तीनच्या सुमाराला ती भांडी आवरत असताना फोन आला. त्या घरमालकाचाच होता. माणूस मोठा अदबीनं बोलायचा.

"भाभीजी, आपका एक आदमी पहुँच गया है."

"कौन आदमी?" वर्षा म्हणाली. "हम तो दिवाली के बाद निकलेंगे."

"हिलालजी. लिस्ट में नाम है ना, इसलिए बिठा लिया. खाना पूछा तो मना कर दिया. बाहर दीवार पर बैठे रहते हैं. गरम कपड़ा भी नहीं है."

वर्षानं फोन बंद केला आणि राहिलेली भांडी आवरायला लागली. खाली मागांचा खडखडाट चालला होता, रोजच्यासारखा. कोणी चेष्टा करत असेल, तिनं स्वतःला समजावलं. यादीत नाव वाचून कोणी फुकट राहायला आला असेल. तिनं घरात चकार शब्द काढला नाही. म्हातारीला कळलं असतं तर ती पायी निघाली असती. आणि गजेंद्रला कळलं असतं तर तो तिच्याही आधी निघाला असता.

चार दिवसांनी पुन्हा फोन.

"भाभीजी, वो पूछ रहे थे, भाई का बुखार उतरा क्या?"

वर्षा जिथं होती तिथं खाली बसली.

त्या वर्षी ट्रकबरोबर जायची पाळी गजेंद्रची होती. माल उतरवून घ्यायला सेठ एक माणूस सोबत पाठवायचा. गजेंद्र रातपाळी करून झोपला होता, आणि दिवाळीला नवरा घरी असावा, एवढीच वर्षाची इच्छा. मोठं काही कारण नव्हतं. ना स्वप्न पडलं, ना डावा डोळा लवला. तिनं नवऱ्याच्याच फोनवरून मुकादमाला सांगितलं, यांना ताप आहे, दुसरा माणूस बघा. मुकादमानं खोलीवर झोपलेल्या हिलालला उठवलं. तो चोवीस वर्षांचा पोरगा, भावाच्या बदली आनंदानं गेला. गजेंद्र संध्याकाळी उठला तेव्हा ट्रक वापी ओलांडून... छे, वापी उलटी दिशा. भरूच ओलांडून गेला होता. वर्षाला अजून हे असंच आठवायचं, रस्ते उलटेसुलटे होऊन. भत्त्याच्या लोभानं धाकट्यानं आपली पाळी पळवली, असं गजेंद्रनं धरलं, मुकादमाला काही विचारलंही नाही, आणि हिलालला शिव्या घातल्या. वर्षा ऐकत राहिली. नंतरही नऊ वर्षं ऐकतच राहिली. मुकादम दोन वर्षांनी वारला. तापाची गोष्ट आता जगात दोघांनाच ठाऊक होती, एक ती आणि दुसरा हिलाल.

तिसऱ्यांदा तिनं स्वतःच फोन लावला. घरात म्हातारी पोथी ऐकत आडवी होती, म्हणून वर्षा गच्चीवर गेली. साड्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्या आड उभं राहून तिनं विचारलं, "उनको क्या चाहिए, पूछो."

घरमालक चालत बाहेर गेला असावा. वारा ऐकू आला. मग त्याचा एकट्याचाच आवाज, थांबून थांबून: "हाँ जी. हाँ जी. अच्छा." समोरच्याचा आवाज कुठेच नव्हता. वर्षानं फोन कानात घुसेल इतका दाबून धरला, तरी नाही.

"कह रहे हैं, गाड़ी यही रहने दो," घरमालक म्हणाला. "ग्यारह आएँगे, ग्यारह ही लौटेंगे. भाई की सीट पर मैं बैठ जाऊँगा."

त्याला यात काही विपरीत वाटलं नव्हतं. त्यानं वर विचारलं की रजया किती काढून ठेवू.

निघायच्या आदल्या दिवशी वर्षानं नवऱ्याला सगळं सांगितलं. गजेंद्र पलसाण्याच्या डाइंग मिलमधून शेवटची पाळी करून आला होता, बोटं निळी होती. बाहेरच्या खोलीत हेतल पिशव्या भरत होती; मधला पडदा ओढून वर्षा हळू बोलली. मुकादमाचा फोन, खोटा ताप, नदीकाठच्या भिंतीवर बसलेला माणूस आणि तो काय म्हणाला ते. गजेंद्र मारेल, ओरडेल, अशी तिची तयारी होती. झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

तो निळी बोटं एकमेकांवर घासायला लागला.

"मी त्याले चोर म्हनत राहिनू," तो म्हणाला. "नऊ वरीस."

"तुम्ही जाऊ नका," वर्षा म्हणाली. "मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण जाऊ नका. मी तुमच्या पाया पडते."

"भूपेंद्रले सांग," तो म्हणाला, "मना कंबरमा लचक भरनी. आपन तिन्ही जन नही येत." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

वर्षाला रडू आलं ते सुटकेचं. नवरा जन्मभर बोलणार नाही कदाचित. न बोलू दे. न बोलणारा नवरा घरात वावरतो, जेवतो, खोकतो. त्याची वाट बघावी लागत नाही. तिनं त्याच्या अंगावर चादर घातली आणि स्वतःचीच तिला थोडी लाजही वाटली.

सकाळी हेतल काही बोलली नाही, हेच खरं तर वर्षाला खटकायला हवं होतं. तीन महिने खपून आखलेला बेत मोडला आणि पोरगी हूं की चूं न करता चहा प्यायली. "आपली तीन जाकिटं गाडीत देऊन येते," म्हणाली, "त्यांना वर जास्तीची लागतील." वर्षानं तिच्या केसांवरून हात फिरवला. शहाणी आहे माझी बाई, तिच्या मनात आलं. मग तिनं कितीतरी दिवसांनी मन लावून वरणबट्टी करायला घेतली. गजेंद्र खाली दाढी करायला गेला.

साडेदहाला हेतलचा फोन आला.

"मम्मी, ओरडू नको. मी गाडीत आहे. भरूच गेलं."

वर्षाच्या हातातली बट्टी ताटात पडली. "उतर," ती म्हणाली. "हेतल, असशील तिथं उतर."

"काल मी पडद्यामागे सगळं ऐकलं." पोरीचा आवाज उत्साहानं भरला होता. "ते सीटबिटचं त्या माणसानं काहीतरी समजायची भूल केली असेल. पण बुखारचं कोणाला माहीत असणार? काका जिवंत आहे मम्मी. थंडीत बाहेर बसलाय, आणि तुम्ही दोघं घाबरून घरात बसलात. कोणीतरी जायला पायजे ना? पप्पा नाही तर मी. पप्पांच्याच सीटवर बसलेय, खिडकीची छे."

"त्या सीटवरून ऊठ."

"काय?"

"ऊठ म्हणते ना. भूपेंद्रभाऊंना फोन दे."

भूपेंद्र आला तो हसतच. मागे पोरींची गाणी चालू होती. "वहिनी, येऊ द्या तिला. मी आहे ना. नीट नेतो, नीट आणतो. गजेंद्रदादानं तिला काही तरी सुनावलं काय घरात?" गच्चीवर ऐकलेली ती वाक्यं भर सकाळी, गाण्यांच्या गलक्यात, त्या भल्या माणसाला कशी सांगायची? ती नुसतं "आणा तिला, परत आणा" म्हणत राहिली. मग आवाज तुटायला लागला आणि बंद झाला. तिनं पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला.

मध्येच फोन वाजला. तिनं नाव न बघता उचलला.

"भाभीजी, नमस्ते," घरमालक म्हणाला. "एक बात पूछनी थी. आपने तो कुछ बताया नहीं, पर हिलालजी सुबह से कह रहे हैं, रजाइयाँ कम निकालो. नौ आएँगे, नौ ही लौटेंगे. ठीक है ना?"

अकरांतून तीन गळाले तर आठ राहतात. नऊ कसे, हे या जगात फक्त त्या गाडीतल्या माणसांना आणि तिला ठाऊक होतं, तेही पाच मिनिटांपासून.

"आज बड़े खुश हैं," तो सांगत होता. "पहली बार दीवार से उठे हैं. मुँह-हाथ धो रहे हैं."

वर्षानं फोन हळूच ओट्यावर ठेवला. आतल्या खोलीतून खाट करकरली. धुरपदाबाई भिंतीला धरून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. डोळ्यांना दिसत नव्हतं फारसं, पण कान शाबूत होते.

"कोना फोन शे?" त्यांनी विचारलं.

वर्षानं तोंड उघडलं. कंपनीचा, बँकेचा, चुकून लागलेला, काहीही म्हणता आलं असतं. एवढ्या वर्षांत कधी अडली नव्हती ती. आज तिला एकही खोटं सुचलं नाही.

"हिलालभाऊंकडना निरोप शे, माय," ती म्हणाली. "ते घर येई राहिनात."

म्हातारीचं सगळं तोंड उजळलं, आणि ती सुनेच्या दिशेनं चाचपडत आली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या कपाळाचे मुके घ्यायला लागली.