मुक्या कमीलचं पोट

कमीलला पोट सुटलंय हे ओस्टरडोंक गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कमीलला स्वतःलाही ठाऊक होतं, पण त्याच्यासमोर ते बोलायची कुणाची टाप नव्हती. मागच्या उन्हाळ्यात चौकातल्या कॅफेत एका खुळ्यानं सहज विचारलं, "काय कमील, कितवा महिना?" कमीलनं त्याची बियर त्याच्याच टोपीत ओतली, ती टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि वर विचारलं, "आणखी एक मागवू का?" तेव्हापासून सगळं गाव त्या पोटाकडे कानाडोळा करायचं. प्रांताचा चॅम्पियन आहे बाबा, आपलं काय जातंय.

आनेलोरचं मात्र जात होतं. ती म्हाताऱ्या ओडीलच्या कारखान्यात शर्यतीच्या सायकली आखायची. आमच्या मुलखात डोंगर सोडाच, धड टेकडीही नाही. वारा समुद्रावरून निघतो तो थेट तुमच्या छाताडावर येऊन बसतो. त्या वाऱ्याला गुंगारा द्यायचा, हा आनेलोरचा धंदा. फ्रेमच्या नळ्या पुढून बोथट आणि मागे निमुळत्या करायच्या, तारा आत लपवायच्या, हँडल असं वाकवायचं की वाऱ्याला धरायला काही सापडूच नये. ओडीलला यातलं काही पटायचं नाही. त्याचा जन्म गोल नळ्या जोडण्यात गेलेला.

"नळी गोल असते, पोरी," तो म्हणायचा. "तू ती चपटी करतेस आणि मला भुर्दंड."

वसंतातल्या सराव शर्यतीत कमील आनेलोरच्या नव्या सायकलवर बसला आणि जुन्या सायकलीपेक्षाही हळू आला, तेव्हा ओडीलला आयतंच कोलीत मिळालं. "रविवारी प्रांताची शर्यत आहे," त्यानं सुनावलं. "कमील तुझ्या सायकलवर जिंकला तर तुझं काम चालू. हरला तर हे वाऱ्याचं खूळ बंद, आणि सोमवारपासून तू आज्यांच्या सायकलींना टोपल्या बसवायच्या. पाव मावेल एवढ्या."

आनेलोरला रात्रंदिवस त्या टोपल्याच दिसायला लागल्या. सायकल चांगली होती, हे तिला पक्कं माहीत होतं. विद्यापीठाच्या वाऱ्याच्या बोगद्यात, त्या राक्षसी पंख्यासमोर, तिनं ती पुन्हा पुन्हा तपासली होती. मग रस्त्यावर कुठे माशी शिंकत होती?

बोगद्यात सायकलवर बसायचा तो मुका. मुका म्हणजे कमीलचा पुतळा. चार वर्षांपूर्वी कमीलला तेल चोपडून, प्लास्टर थापून त्याचा साचा काढला होता आणि त्यावरून हा कोपरं टेकवून वाकलेला पुतळा ओतला होता. एरवी तो कारखान्याच्या कोपऱ्यात सायकलवर बसून असायचा. सगळ्यांचा लाडका. दमत नाही, चिडत नाही, आकडा काय आला विचारत नाही.

गुरुवारी शिंप्याकडून कमीलचा नवा सूट आला, अंगाला चिकटून बसणारा. आनेलोरनं तो मुक्याला चढवला. खांद्यात बसला, मांड्यांत बसला आणि पोटाशी मात्र रिकाम्या पिशवीसारखा लोंबत राहिला.

"शिंपी प्यायला होता वाटतं," ओडील म्हणाला.

शिंपी शुद्धीवर होता. कमीलच्या आईनं, इर्मामावशीनं, त्याला गुपचूप खरं माप कळवलं होतं. आनेलोरनं कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा! चार वर्षं ती या बारक्या मुक्यासाठी सायकली आखत बसली होती, आणि खरा कमील तिकडे चौकात आईच्या टपरीवर तळलेले बटाटे हाणत होता!

मग तिच्या डोक्यात किडा वळवळला. कमीलला तोंडावर सांगायची सोय नव्हती, पण वाऱ्याकडून वदवायला काय हरकत होती? तिनं मूर्तिकाराकडची माती आणली आणि सूट गच्च भरेपर्यंत मुक्याच्या पोटावर थापली. आता बोगद्यात न्यायचं, आकडा वाईट येणारच, तो कमीलपुढे ठेवायचा आणि साळसूद चेहऱ्यानं म्हणायचं, बाबा रे, मी काही म्हणत नाही, वारा म्हणतोय. मग तो बटाटे सोडेल, आणि रविवारी हरलो तरी दोष कुणाचा हे ओडीलला तरी कळेल.

बोगद्याचा पंखा सांभाळणाऱ्या फिर्मिननं मुक्याला पाहिलं आणि शीळ घातली. "मानवलं की याला लग्न!"

"चालव पंखा. जास्त बोलू नकोस."

पंखा घोंघावला. आकडा आला. फिर्मिननं चष्मा पुसला. आनेलोरनं तो त्याच्याकडून हिसकावून स्वतःच्या डोळ्यांना लावला. मुक्याला वाऱ्याचा अडथळा वाढला नव्हता, चांगला घसघशीत कमी झाला होता.

त्यांनी माती काढली, अडथळा वाढला. माती लावली, कमी झाला. आणखी थोडी थापली, तर पुन्हा वाढला. म्हणजे इर्मामावशीनं पोराला जेवढं वाढलं होतं, बरोब्बर तेवढंच पोट हवं होतं. ना चमचाभर कमी, ना चमचाभर जास्त.

"यात नवल काय?" फिर्मिन म्हणाला. "वाकून बसलं की छाती आणि मांड्यांच्या मधे खळगा पडतो. वारा तिथे शिरतो आणि घोळ घालतो. म्हणून तर पोरं सुटाच्या आत पाण्याच्या बाटल्या कोंबायची. यंदा त्यावर बंदी आलीय, पंच तपासून बघतात. पण याचा खळगा घरच्या घरीच भरलाय!"

आनेलोर घरी निघाली ती चक्रावूनच. पोट असं गुणाचं, सायकल अशी चांगली, मग कमील हरतो कसा?

दुसऱ्या दिवशी ती नदीच्या बांधावर विलोच्या झाडामागे दबा धरून बसली. कमील सरावाला आला. मोकळ्या बांधावर, गाईंखेरीज कुणी बघत नव्हतं तिथे, तो असा सुसाट गेला की आनेलोरला टाळी वाजवावीशी वाटली. बांध संपला, घरं लागली. घरांच्या खिडक्यांत दोन बायका उभ्या होत्या. कमीलनं त्या पाहिल्या मात्र, श्वास ओढून पोट आत घेतलं. पाठ मांजरासारखी वर आली, तोंड बीटासारखं लाल झालं, आणि वाऱ्यानं त्याची गचांडी धरली. कॅफे मागे पडेपर्यंत गडी तसाच, श्वास कोंडून. पुढे पुन्हा गाई लागल्या, पुन्हा सुसाट.

रविवारच्या शर्यतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं असणार होती. गाय एकही नाही.

संध्याकाळी ती टपरीवर गेली. इर्मामावशी झारा घेऊन कढईपाशी उभी होती आणि कमील पुठ्ठ्याच्या खोक्यातून बटाटे खात होता, पोट आत घेऊन. आनेलोरनं आडवळणानं सुरुवात केली, खळगा, वारा, मुका, आणि शेवटी धीर करून बोलून टाकलं, "कमील, रविवारी पोट आत घेऊ नकोस. सोडून दे. त्यानंच तू जिंकशील."

कमीलचा काटा अर्ध्यावर थांबला. "कसलं पोट?"

"हेच. समोरचं."

"मला पोट नाही."

"माझ्या बाळाला पोट नाहीच मुळी," इर्मामावशी झारा उगारून म्हणाली. "हाडापेरानं मोठा आहे तो. त्याच्या बापावर गेलाय."

"मावशी, शिंप्याला माप तुम्हीच कळवलंत ना?"

इर्मामावशीला एकदम कढईत काहीतरी महत्त्वाचं दिसलं. कमील आईकडे बघत राहिला, मग खोकं खाली ठेवून उठला. "चार वर्षं गावानं मला खांद्यावर घेतलं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "आता बघतात तेव्हा आधी इथे बघतात, मग तोंडाकडे. मला कळत नाही असं वाटतं तुला? मी माझ्या पद्धतीनं चालवीन. तुझी सायकल तू सांभाळ."

तो गेला. आनेलोरला स्वतःचीच लाज वाटली. वाऱ्याच्या आडून आपण या माणसाची फजिती करायला निघालो होतो, आणि त्याचं दुखणं कुठे आहे हे बघितलंच नव्हतं.

रविवार उजाडला. या शर्यतीत एकेकानं सुटायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. मागून आपापली गाडी, गाडीवर कर्णा. कमील सगळ्यांत शेवटी सुटला. ओडील गाडी चालवत होता, शेजारी आनेलोर, मागे इर्मामावशी, मांडीवर सँडविचचा डबा. रस्त्याला तोबा गर्दी. कमीलची पाठ मांजरासारखी वर. पुलावर वेळ कळली: प्रतिस्पर्धी संघाचा काटकुळा पोरगा पुढे होता, चांगलाच.

"झालं," ओडील म्हणाला. "कारखान्यात वेताच्या टोपल्या येऊन पडल्यात. सोमवारी मोजून घे."

आनेलोरनं माईक उचलला. पुन्हा खाली ठेवला. एवढ्या लोकांत त्याला काय ओरडायचं? तिची जीभ रेटेना. टोपल्या तर टोपल्या, असं तिनं मनाशी म्हटलं आणि तिला रडू आलं.

मागून एक हात आला आणि त्यानं माईक काढून घेतला.

"कमील!" कर्णा दुमदुमला. "आई बोलतेय! पोट सोड!"

कमीलनं जोरात मान हलवली.

"मान काय हलवतोस? मीच खाऊ घातलंय ते, मला शिकवतोस? लपवायला काय चोरीचं आहे ते? सोड म्हणते ना!"

रस्त्याकडेला कुणीतरी, बहुतेक त्या बियरच्या टोपीवाल्यानंच, आरोळी ठोकली, "सोड, कमील!" आणि ती आरोळी कमीलच्या पुढे पळायला लागली. बायका, पोरं, चर्चचे फादर, सगळे बेंबीच्या देठापासून, "सोड! सोड!" मागच्या उन्हाळ्यापासून दाबून ठेवलेली गोष्ट एकदाची मोठ्यानं बोलायला मिळाली होती. आता ऐकतायत होय!

कमीलनं सोडलं. आनेलोरला मागून दिसलं. पाठ खाली आली, सपाट झाली, खांदे सैलावले आणि त्यानं पुलापासून कोंडलेला श्वास सोडला. त्यानंतर सायकल अशी निघाली की ओडीलला गियर बदलावा लागला.

"आयला!" ओडील पुटपुटला. "पळतेय की चपटी."

काटकुळ्या पोराला वेळेत मागे टाकून कमील जिंकला. चौकात लोक त्याला उचलायला धावले, तेवढ्यात पंच आडवे आले. काटकुळ्याच्या मॅनेजरनं तक्रार ठोकली होती.

"सुटाच्या आत काय आहे?" पंचांनी बोट दाखवलं. "बाटली काढा बाहेर."

"बाटली नाही," कमील म्हणाला.

"मग पिशवी असेल. उघडून दाखवा, नाहीतर निकाल रद्द."

कमीलनं आनेलोरकडे पाहिलं. ती फक्त मान हलवून नको म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. तो तिच्याकडे बघून गालात हसला. मग सुटाची गळ्यापासची चेन धरली आणि सगळ्या गावासमोर सर्रकन खाली ओढली.

पंच वाकले. त्यांनी एक बोट पुढे केलं आणि दाबून पाहिलं. बोट आत गेलं, बाहेर आलं. पुन्हा दाबलं.

"हे..." पंच म्हणाले.

"माझंच आहे," कमील म्हणाला.

पंच ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात जाहीर केलं, "तपासणी झाली. स्पर्धकानं काहीही लपवलेलं नाही."

"आजपासून नाही," कमील म्हणाला आणि चेन उघडी ठेवूनच टपरीकडे चालू लागला. टोपीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढून स्वतःच उलटी पुढे धरली. कमीलनं त्याला मिठी मारली.

ओडील आनेलोरपाशी येऊन घसा खाकरत उभा राहिला. त्याला आयुष्यात कुणाची माफी मागता आली नव्हती, आज तरी कशी येणार? "सोमवारी लवकर ये," तो म्हणाला. "नवीन सायकल आखायचीय. आणि त्या मुक्याची माती काढू नकोस."

टपरीपुढे रांग लागली होती. रांगेत सगळ्यात पुढे काटकुळ्याचा मॅनेजर होता, मागे त्याचे सगळे बारके पोरगे. "सगळ्यांना मोठं खोकं," तो म्हणाला. "वर भरपूर मेयोनेज. पुढच्या रविवारी आमची शर्यत आहे."

इर्मामावशीनं झारा खाली ठेवून त्या पोरांकडे एकेक करून पाहिलं, आणि शेवटी मॅनेजरकडे.

"एका आठवड्यात नाही व्हायचं हो," ती म्हणाली. "याला आई लागते."