आईची भाषा येत नाही म्हणाली

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी आनेली आजीला, गुनहिल्डला, घेऊन स्वीडनमधल्या आपल्या विद्यापीठात आली. फिनलंडहून भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका आउने राटिकाइनेन आल्या होत्या. विद्यार्थी, चार प्राध्यापक, कॉफी, दालचिनीचे पाव. स्वीडन-फिनलंडच्या सीमेवरच्या तोर्ने नदीकाठची, फिनिशच्या जवळची बोली बोलणारी माणसं त्यांना हवी होती आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची गुनहिल्ड त्याच काठावर वाढलेली.

राटिकाइनेनबाईंनी रेकॉर्डर सुरू केला आणि त्याच बोलीत हळुवारपणे विचारलं, "आई तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?"

गुनहिल्डचे ओठ हलले. मग ती स्वीडिशमध्ये म्हणाली, "मला ती भाषा येत नाही."

"काय गं आजी! मांजराला तर रोज त्याच भाषेत शिव्या घालतेस!" आनेली म्हणाली. सगळे हसले.

गुनहिल्ड हसली नाही.

"शाळेत फक्त स्वीडिश बोलायचं. ती बोली तोंडातून निघाली की बाई हात पसरायला लावून त्यावर सरपणाची लाकडं ठेवायच्या. हात खाली आला की आणखी एक. सातव्या वर्षीच मी गप्प व्हायला शिकले. माझ्या पोरीला, आनेलीच्या आईला, तर एक शब्द शिकवला नाही. तिचे हात तरी वाचावेत म्हणून."

"फार मोलाचं आहे हे," एक प्राध्यापक लिहिता लिहिता म्हणाले.

"थांबा, पुढचंही लिहा. मी एकोणीस वर्षांची होते. आई इस्पितळात होती, तिला स्वीडिश येत नव्हतं. त्याच इस्पितळात मला नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. आई सारखं काहीतरी मागत होती. नर्सनं मला विचारलं, काय म्हणतायत त्या? ती भाषा मला कळते हे दाखवायची लाज वाटली. म्हटलं, काही नाही, बरळतेय. पहाटे ती गेली."



"काय मागत होत्या?" राटिकाइनेनबाईंनी विचारलं.

गुनहिल्डने डोळे मिटले आणि साठ वर्षांत पहिल्यांदाच, चारचौघांत, आईचं ते वाक्य उच्चारलं. लहानसंच होतं.

आनेली आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला त्यातला एकही शब्द कळला नव्हता. तिने पाहुणीकडे वळून विचारलं, "काय म्हणाली ती?"

राटिकाइनेनबाईंनी रेकॉर्डर बंद केला आणि नातीला तिच्या पणजीचं शेवटचं मागणं स्वीडिशमध्ये सांगितलं, "पाय गार पडलेत गं पोरी, जरा हातात धर."