अठरा किलो पाप

फूलबाबांच्या हॉलबाहेरची रांग एवढी लांब होती की शेपटाला काळ्या केसांनी उभी राहिलेली माणसं दारापाशी पिकून पोचत होती. खोटं वाटत असेल तर जिन्याखालच्या चपलांच्या डोंगराला विचारा. त्यातल्या कितीतरी जोड्यांचे मालक अजून सापडलेले नाहीत.

आत दारातच एक वजनकाटा. त्यावर साठच्या आकड्याशी नेलपॉलिशची लाल रेघ ओढलेली. काटा रेघेच्या अलीकडे राहिला, तर पुण्यखिडकी. पलीकडे गेला, तर पापखिडकी. दोन्ही खिडक्या म्हणजे भिंतीत बसवलेल्या दोन पेट्या, आत पांढराशुभ्र दिवा आणि पुढे ताटलीएवढी गोल काच.

"दिसलं! दिसलं गं बाई!" पुण्यखिडकीशी एक सडपातळ मास्तरीण किंचाळली. "पिवळं फूल! दोन पाकळ्यांचं! हे बघा, फिरतंय!"

"पुसट होतंय का?" बाबांनी आतून खर्ज लावला.

"हो हो, विरलं!"

"चंचल मनात तेज ठरत नाही, माते. मन स्थिर करा." मागे एका शिष्याने काचेची कडी हळूच फिरवली, आणि मास्तरीण पुन्हा किंचाळली, "आलं!"

रांगेत आमच्या गणवेशकाकू उभ्या होत्या. आसपासच्या तीन शाळांची पोरं त्यांनी शिवलेल्या शर्टात लहानाची मोठी झाली, म्हणून हे नाव. काकू काट्यावर चढल्या. काटा लाल रेघेवरून असा सुटला की शिष्य दचकून मागे सरकला.

"ब्याऐंशी! पापखिडकी!"

हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की जिन्यातल्या लोकांनीही वाकून पाहिलं. काकूंनी मान खाली घालून खिडकीला डोळे लावले. पांढरा उजेड. त्यानंतरही पांढरा उजेडच.

"काही नाही ना?" बाबा कनवाळू झाले. "चरबी म्हणजे साठलेलं पाप, माते. डोळ्यात तेजाचा पिवळा पडदा असतो. पाप तो चाटून खातं. हे चूर्ण घ्या. चाळीस दिवस. चूर्ण संपवून आलेल्याला काटा माफ. थेट पुण्यखिडकी! पण तोवर डोळ्याला परक्याचा हात लागू द्यायचा नाही. डॉक्टरची सुई शिवली, तर फूल कायमचं करपेल."

काकूंना नेमकं हेच ऐकायचं होतं.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी शाळेतून चौकड्यांचे चार शर्ट परत आले. चौकड्यांच्या कापडाचं काम फार कडक. खिशाची रेघ खालच्या कापडाच्या रेघेशी अशी जुळायला हवी की खिसा आहे हे हात घातल्यावरच कळावं. काकूंचा खिसा कधी हलला नव्हता. या चारही शर्टांवर तो तिरका बसला होता. काकूंनी आधी कापडवाल्याला झापलं, मग मशीनला. मग एके दिवशी गळ्यातली मापाची टेपच मधोमध वाकलेली दिसली, तेव्हा मात्र त्या घाबरल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झिरपतंय. आठवड्याच्या आत डोळ्यात इंजेक्शन घ्यायला हवं. उशीर केला, तर त्या डोळ्याची मधली नजर परत यायची नाही.

काकूंच्या हातून आयुष्यभर सुईच चाललेली. पण डोळ्यात सुई? त्या दवाखान्याच्या पायऱ्या अशा उतरल्या की ब्याऐंशी किलोचं वजन कुठे पळालं ते त्यांनाही कळलं नाही. आणि चौथ्या दिवशी फूलबाबा भेटले. सुई नको म्हणणारा देवमाणूस!

संध्याकाळी नणंद आली. ही म्हणजे टीव्ही आणि मोबाइल दुरुस्त करणारी बाई, अंगाने स्क्रूड्रायव्हरसारखी आणि जिभेनेही. काकू तिला आदराने वन्सं म्हणायच्या. आदर कमी आणि धाक जास्त. तिने टेबलावरचं पाकीट उचललं, चिमूटभर पूड जिभेवर टेकवली.

"वहिनी, हे मक्याचं पीठ आहे."

"मंतरलेलं आहे ते, वन्सं."

"मंतरलेलं मक्याचं पीठ. आणि इंजेक्शनचं काय झालं?"

काकूंनी टाका घालायला घेतला.

"वहिनी, मी मशीनशी बोलत नाहीये."

"चाळीस दिवसांनी बघू. बाबा म्हणाले, सुई लागली तर फूल करपेल."

"कसलं फूल?"

काकूंनी सगळं सांगितलं. काटा, लाल रेघ, दोन खिडक्या, दोन पाकळ्या. कडी फिरवणाऱ्या शिष्याच्या कपाळावरची खोकही सांगितली. ते ऐकून वन्संनी पिठाचं पाकीट खाली ठेवलं.

"खोकवाला? तो माझ्याकडून महिन्यापूर्वी मेलेले स्क्रीन घेऊन गेलाय! सजावटीला हवेत म्हणाला. तेव्हाच मनात आलं होतं, भंगाराची सजावट करतोय तरी कोण?" ती तडक उठली. "वहिनी, उद्या माझ्याबरोबर चला. मला फूल दिसलं नाही, तर तुम्ही परवा सुई घ्यायची."

"आणि दिसलं तर?"

"तरी घ्यायची."

"ही कुठली पैज?"

"माझ्या फायद्याची. मी काय वेडी आहे दुसरी लावायला?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वन्सं आपल्या भावाचा गुडघ्याखाली येणारा रेनकोट घालून आली. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता. चालत अशी होती, जसं कपाटच जिना चढतंय. शिष्याने वर पाहिलंच नाही. त्याचं सगळं लक्ष काट्याकडे.

"त्रेसष्ट! पापखिडकी!"

वन्संनी खिडकीत डोकावून पाहिलं. कोराकरकरीत पांढरा उजेड. "मी पापी! मी महापापी!" असा तिने एवढा गळा काढला की रांगेतल्या दोघींचे डोळे भरून आले. बाबांनी पाकीट पुढे केलं. ते घेऊन ती जिन्यात गेली, आणि दोन मिनिटांत परत आली. रेनकोट गायब.

"पंचेचाळीस! पुण्यखिडकी!" शिष्य ओरडला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याचा चेहरा पडला.

"अगं बाई, फूल!" वन्सं म्हणाली. "पिवळं! दोन पाकळ्या!"

हॉलमधले सगळे माना उंचावून बघू लागले. बाबा मात्र तयारीचे. दोन्ही हात वर करून ते गरजले, "पाहिलंत? एका पाकिटात! पाकीट न उघडताच! अठरा किलो पाप जळून भस्म!"

"भस्म कसलं, जिन्यात ठेवलंय," वन्सं म्हणाली. "दोन बंद पडलेले स्टॅबिलायझर, एक हातोडा आणि माझ्या भावाची कोळशाची इस्त्री. जरा कुणीतरी वर आणता का? माझी कंबर गेलीये."

रांगेतले दोन हमाल खरोखरच पाप उचलून घेऊन आले. इस्त्री बघून लोक आधी खुसखुसले, मग खदखदले. मास्तरीण मात्र पुढे सरसावली.

"पण मी फूल पाहिलंय! माझ्या डोळ्यांनी!"

"पाहिलंतच हो बाई. फूल खरं आहे, बाबा खोटे आहेत." वन्संनी पिशवीतून एक करडी पारदर्शक पट्टी काढली. "ही आजकालच्या चपट्या टीव्हीच्या स्क्रीनवर असते. उजेडाच्या एकाच दिशेने डोलणाऱ्या लाटा तेवढ्या पुढे सोडते. कापडाच्या उभ्या धाग्यातून सुई उभीच जावी, तसं. असा उजेड पाहिला की डोळ्याला हे फूल दिसतं. हिच्यावर दुसरी आडवी धरली, की उजेड बंद."

तिने पट्टी पुण्यखिडकीच्या काचेवर धरून फिरवली. काच काळीकुट्ट. आणखी फिरवली. लख्ख. पापखिडकीवर धरून फिरवली. काही नाही, साधी काच.

"लाल रेघेपलीकडच्यांना साधी काच. त्यांना फूल दिसणार कुठून? चूर्ण संपवलं की काटा माफ, म्हणजे चाळीस दिवसांनी पट्टीची काच! आणि एकाजागी रोखून पाहिलं की फूल विरतं, म्हणून हा खोकवाला कडी फिरवतो. स्क्रीन दुरुस्त करताना मला हे फूल दिवसातून चारदा दिसतं. मग मी काय देवी?"

"तू पाखंडी आहेस!" बाबा कडाडले.

"ते आहेच. वहिनी, इकडे या. काट्यावर नको, सरळ या."

काकू पुण्यखिडकीशी गेल्या. डोळे लावले, आणि त्यांच्या तोंडून हुंदकाच फुटला. फिकं, पण होतं. पिवळं, दोन पाकळ्यांचं.

"आता डावा डोळा झाका."

"आहे."

"आता उजवा झाका."

काकू बघत राहिल्या. वन्संनी कडी फिरवली, एकदा, दोनदा, तीनदा. मधोमध नुसता मळकट डाग होता, आणि काचेची गोल कड आत ओढल्यासारखी वाकडी.

"नाही दिसत," काकू हळूच म्हणाल्या.

मग काकू वळल्या. खाली घातलेली मान कालपासून पहिल्यांदा वर आली.

"बाबा, दोन्ही डोळे माझ्याच देहावर आहेत ना? देह ब्याऐंशी किलोचा आहे, मान्य. मग उजव्या डोळ्याला तेवढं पुण्य कसं? माझं सगळं पाप काय डाव्या बाजूलाच साठतं? तसं असतं, तर मी चालताना कलंडले नसते?"

बाबांनी डोळे मिटून समाधी लावली. समाधीतच ते मागच्या दाराकडे सरकले, समाधीतच जिना उतरले, आणि समाधीतच कुणाच्यातरी नव्याकोऱ्या चपला घालून पसार झाले. रस्त्याच्या टोकाशी त्यांचा वेग पाहून एक बस लाजली म्हणतात.

काकू दवाखान्यात गेल्या त्या वन्संचा हात धरूनच. इंजेक्शनआधी डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकच विचारलं. "बाबा सगळंच खोटं बोलले का हो?"

"नाही. तीच तर खरी लबाडी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्याच्या पडद्यावर मधोमध पिवळा रंग असतोच. प्रखर निळ्या उजेडाची धार तो बोथट करतो. तुम्हाला दिसलं ते फूल म्हणजे त्याच रंगाची खूण. हा रंग शरीर बनवत नाही. पालेभाजी, मका, अंड्याचा पिवळा बलक, यांतून येतो. आणि तो चरबीत विरघळतो. म्हणून अंगात चरबी जास्त असली की रंगाचा बराच वाटा तीच गोदामात ठेवून घेते, डोळ्याकडे कमी जातो. अशा लोकांच्या डोळ्यात तो बऱ्याचदा कमी सापडतो. सगळ्यांच्या नाही, बऱ्याचदा."

"म्हणजे गोदामवाला चोर," वन्सं म्हणाली.

"चोर नाही, हावरट. त्याला पाप म्हणायचं कारण नाही. चालायला लागा, पानात थोड्या तेलावरची पालेभाजी असू द्या. पण तुमचा हा डोळा भाजीने बरा व्हायचा नाही, काकू. त्याला सुईच हवी."

"किती दुखेल?"

"बधिर करते मी. तुम्ही बोटाला टोचून घेता, त्याहून कमी."

काकूंनी वन्संचा हात एवढा आवळला की किंकाळी आली ती वन्संची. काकूंना सुई कधी गेली तेही कळलं नाही.

अशा चार सुया झाल्या. सगळी नजर परत आली नाही. कडेला एक रेघ अजून थोडी लवते. पण या वर्षीच्या गणवेशाचे खिसे सरळ बसले. चौकडीला चौकडी अशी जुळली की पोरं हात घालून खिसा शोधत होती. शिवणाच्या खोलीत आता बाबांनी मागे टाकलेली पुण्यखिडकीची गोल काच टांगलेली आहे. माप द्यायला आलेला प्रत्येक जण तिच्यातून आकाशाच्या निळ्या तुकड्याकडे बघतो, एक डोळा झाकून, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना सारखं फूल न दिसलेल्या दोघांना काकूंनी दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तेव्हा बायांनो आणि बाप्यांनो, फूल दिसलं तर खुशाल आनंदाने ओरडा. फूल छानच आहे, आणि ते तुमचं स्वतःचं आहे. फक्त काच कोण फिरवतंय ते मागे जाऊन बघा, आणि शेजारच्या काचेतून एकदा डोकावा. त्याला दक्षिणा लागत नाही, आणि रेनकोट असलाच पाहिजे असंही नाही.