बिदियाच्या वाळूत उतरलेली स्की

मी डावी स्की बोलतेय. मस्कतच्या अल हैल भागात श्यामला देवधर यांच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी आणि माझी उजवी जोडीदारीण भिंतीला टेकून उभ्या असतो. इथे बर्फ लागतो तो फक्त सुजलेल्या सांध्यांवर ठेवायला. त्यामुळे येणारा प्रत्येक पेशंट विचारतो, ह्या इथे कशा?

आमचा जन्म ऑस्ट्रियातला. पोटात लाकूड, वर धातूचे पत्रे, कडांना पोलाद. तिथून आम्ही लिओनीच्या पायांत गेलो. ती डोंगरातल्या एका गवळ्याची मुलगी. उभ्या बर्फावरून मोटारीच्या वेगाने खाली येण्याच्या शर्यतींत उतरायची. उजवीकडे वळताना तिचा सगळा भार माझ्यावर यायचा, आणि मला तो आवडायचा. आम्ही दुसऱ्या आलो, तिसऱ्या आलो. पहिल्या मात्र कधीच नाही.

मग एका शर्यतीत ती घसरली आणि कडेच्या जाळीवर आदळली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या हिवाळ्याआधी तयार झाली नाहीस, तर संघातली जागा दुसरीला देऊ, असं तिला स्वच्छ सांगण्यात आलं. घरच्यांच्या काळजीच्या नजरा तिला सोसवेनात. भाऊ मस्कतला इंजिनिअर होता, त्याच्याकडे ती निघून आली. आम्हालाही लांबलचक पिशवीत घालून आणलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

भावाने तिला श्यामलाताईंकडे नेलं. ताई पुण्याच्या, बोलणं मऊ, पण व्यायामात सूट नाही. रोज सकाळी त्या तिला समुद्रकाठच्या ओल्या वाळूत चालवायच्या, मग पळवायच्या. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून तीही म्हणू लागली. पायाचे स्नायू भरले, सूज गेली. तरी उजवीकडे वळायची वेळ आली की तिचं अंग आपोआप आखडायचं.

एके दिवशी ताईंनी ते बोलून दाखवलं. "गुडघा बरा झालाय, लिओनी. आता भीती उरलीय. ती माझ्या टेबलावर जायची नाही."

"मग कुठे जाईल? इथे उतार कुठे आहे?"

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सफियाने मान वर केली. तिचं माहेर बिदियाचं, वाळवंटाच्या तोंडाशी. "उतार हवाय ना? माझ्याकडे चला," ती म्हणाली.

वाळूने आमचे गुळगुळीत तळवे खरवडले जाणार, आम्ही पुन्हा शर्यतीच्या उपयोगाच्या राहणार नाही, हे लिओनीला ठाऊक होतं. ठाऊक मलाही होतं. शुक्रवारी तिने पिशवी गाडीत टाकली.

सफियाने टायरमधली हवा कमी केली आणि गाडी थेट टेकडीच्या माथ्यावर चढवली. ताईंचे यजमान शिरीष दार घट्ट धरून बसले होते. पहिल्या खेपेला आम्ही वाळूत रुतलो आणि लिओनी तोंडावर आपटली. ताई धावत खाली निघाल्या. तिने हात वर करून त्यांना थांबवलं आणि स्वतःच वर चढून आली.

"यल्ला, चल आता," सफिया हळूच म्हणाली.

या खेपेला लिओनीने सर्वांत उभी बाजू निवडली. वाळू माझ्या तळव्याला कानशीसारखी घासत होती. मध्यावर तिने उजवीकडे वळण घेतलं आणि सगळाच्या सगळा भार माझ्यावर टाकला. काही हातचं राखलं नाही. पाठीमागे वाळूचा पिसारा उडाला. पायथ्याशी थांबून तिने गुडघ्यावर हात ठेवला आणि हसता हसता रडली. त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत ती चढत होती, उतरत होती.

ती परत गेली ती नव्या स्की घेऊन खेळायला. आम्हाला ताईंकडे ठेवून गेली.

हिवाळ्यात, तिच्याच देशातल्या मोठ्या शर्यतीला, शिरीषनी आम्हाला उचलून घरी दिवाणखान्यात टीव्हीसमोर उभं केलं. पोहे बशीत गार होत होते. शेवटचं अवघड वळण उजवीकडचं होतं. ताईंनी डोळे मिटून घेतले. मी नाही मिटले. ती त्या वळणावर जराही आखडली नाही. रेषा ओलांडली, पडद्यावर तिचं नाव सर्वांत वर आलं आणि शिरीष एखाद्या पोरासारखे नाचले.

थोड्या वेळाने फोन वाजला. मागे माणसांचा कल्लोळ होता. "ताई," लिओनी म्हणाली, "पहिली आले."

ताईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ठेवला.

परवा एक भला पेशंट म्हणाला, ओळखीचा सुतार आहे, घासून अगदी नव्यासारख्या करून देईल. बाबा रे, नको. माझ्या तळव्यावरचा एकेक ओरखडा मी हौसेने कमावलाय.